हेडसरांचं चिंतन

खटखटबाईंना यंत्रांबद्दल आदर असा कधी वाटलाच नाही. कॉम्प्युटर बिघडला की घरातली माणसं आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशी दबक्या आवाजात बोलायला लागतात, ते बघून त्यांना हसू फुटायचं. डबा आहे तो, त्याला काय ऐकू जातंय, असं म्हणत त्या सरळ टेबलाखाली शिरायच्या आणि खालून ओरडून विचारायच्या की इथे शेवटचा झाडू कुठल्या साली फिरला होता.

हे नाव त्यांना टाइपरायटरमुळे पडलं. एका वकिलाच्या ऑफिसात त्यांनी एकोणीस वर्षं टाइपरायटर बडवला. बडवला हाच शब्द खरा. शेजारी दातांचा दवाखाना होता आणि बाईंचा हात चालू झाला की खुर्चीतले पेशंट उठून पळतात, अशी तिथल्या डॉक्टरांची लेखी तक्रार होती. ती तक्रारही बाईंनीच टाइप करून दिली होती, कारण डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागत नसे.

मग टाइपरायटर भंगारात गेला आणि कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर एक मेकॅनिकही आला. तो पंधरा दिवसांनी उगवायचा, बाईंकडे पाठ करून काहीतरी करायचा आणि आता हात लावू नका असं बजावून जायचा. एक दिवस डबा ठप्प झाला, मेकॅनिकचा पत्ता नव्हता आणि दुपारी कोर्टात कागद द्यायचे होते. बाईंनी चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आत एक निसटलेली वायर होती आणि एक वाळलेली पाल. वायर जागेवर बसवली. पाल पाकिटात घालून, वर तारीख आणि वेळ टाइप करून, वकिलांच्या टेबलावर ठेवली. मेकॅनिक पुन्हा आला नाही. तेव्हापासून ऑफिसातली, मग त्या इमारतीतली आणि पुढे वकिलांनी ऑफिस बंद केल्यावर सगळ्या वस्तीतली बिघडलेली यंत्रं बाईंच्या वाट्याला आली.

त्यांची पद्धत एकच होती. पहिला संशय वायरवर, दुसरा घरच्यांवर, यंत्रावर सगळ्यात शेवटी. वायरी खोटं बोलत नाहीत, घरचे बोलतात, हा त्यांचा अनुभव.

घरी नवरा होता, तो पाणीखात्यात मीटर वाचायचा आणि घरी आल्यावर तोंडातून आकडासुद्धा काढायचा नाही. आणि वन्सं होत्या. वन्सं म्हणजे थोरली नणंद, वय सत्तरीच्या पुढे, जीभ मात्र पंचविशीतली. भावजयीने या वयात लोकांच्या टेबलांखाली घुसावं हे त्यांना बिलकूल पसंत नव्हतं. पण फोन वाजला की आधी त्याच झडप घालायच्या आणि तक्रार पुरती ऐकायच्या आत रोगाचं नाव सांगून मोकळ्या व्हायच्या.

त्या बुधवारी सकाळीही फोन त्यांनीच घेतला. हेडसरांच्या सुनेचा होता. सरांची बाहेरून लावायची डिस्क कॉम्प्युटर ओळखत नव्हता. वन्संनी निरोप दिला तो असा: "मी म्हटलं वायर बघा. ती म्हणाली बघितली. म्हणजे बघितलेली नाही. जा तू."

हेडसर म्हणजे वस्तीतल्या शाळेचे जुने मुख्याध्यापक. हेडसर होण्याआधी ते सहावी-सातवीला भाषा शिकवायचे, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं पन्नाशीतही ते समोरून आले की शर्टाची बटणं चाचपायची. बाई त्यांच्याच वर्गातल्या. भाषेत त्यांना कायम काठावरचे मार्क. पोरीला भाषा येणार नाही, हातांना काहीतरी काम द्या, असं सरांनी त्यांच्या वडिलांना सांगितलं होतं. म्हणून टायपिंगचा क्लास लागला.

दार सुनेने उघडलं. ती एका मोठ्या हॉटेलात धुलाई विभागाची मुख्य होती. रोज हजारभर चादरी तिच्या नजरेखालून जायच्या आणि घरातही तिला कुठे सुरकुती खपायची नाही. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. म्हणजे सासरे आणि सून असा दोघांचाच संसार. पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी सरांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. हॉल ठरला होता, पत्रिका छापून झाल्या होत्या आणि त्या दिवशी सरांच्या 'चिंतनकण' या पुस्तकाचं प्रकाशन होतं. छापखानेवाला मजकुराची वाट बघत बसला होता. मजकूर डिस्कमध्ये होता. डिस्क मुकी झाली होती.

सुनेने सगळं रांगेने सांगितलं. बाबा गेली दहा-बारा वर्षं रोज दुपारी दार लावून दोन तास टाइप करतात. विचारलं तर चिंतन चालू आहे म्हणतात. डिस्कवरच्या चिकटपट्टीवरही 'चिंतन' असंच लिहिलंय. मागच्या महिन्यात तिने पुस्तकाचं सुचवलं, तेव्हा ते नको म्हणाले, पण मोठी माणसं आधी नकोच म्हणतात. आणि गेल्या आठवड्यात ती मजकूर काढायला बसली तर डिस्क दिसेचना. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या टायवाल्या पोराला बोलावलं. त्याने डिस्क कानाला लावली, ही मेली म्हणाला आणि फॉरमॅट करून देतो म्हणाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. फॉरमॅट म्हणजे काय, हे त्यांनी सुनेला तिच्या भाषेत सांगितलं: चादरीवर डाग आहे की नाही हे न बघताच ती जाळून टाकायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, बघा, डाग गेला.

सर खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. अंगाने वाळले होते, मिशा तेवढ्या पूर्वीच्या होत्या. बाईंनी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "कशाला त्रास घेतेस? गेलं ते गेलं. माणसाने अलिप्त व्हावं."

बाई थबकल्या. ज्यांची डिस्क गेली अशी माणसं त्यांनी खंडीने पाहिली होती. लग्नाचे फोटो गेले म्हणून नवऱ्याला चपलेने मारायला निघालेली बाई पाहिली होती, आणि स्वतःच्या कवितांसाठी ढसाढसा रडणारा वखारवालाही. अलिप्त कुणी नव्हतं.

त्या खुर्चीत बसल्या आणि डिस्क हातात घेतली. दिवा लागत होता. आतली तबकडी फिरत होती, हाताला थरथर लागत होती, कटकट आवाज नव्हता. म्हणजे जिवंत होती, टायवाल्याचेच कान गेले होते. मग त्यांनी वायर बघितली आणि ओठ दाबून धरले. वायर मोबाइल चार्ज करायची होती, तीही रस्त्यावर ढिगात मिळते तसली. या डिस्कचं भोक चांगलं रुंद असतं, त्याच्या अर्ध्या भागात मोबाइलची पिन चपखल बसते, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण या हलक्या वायरीतून फक्त वीज जाते, माहिती जातच नाही. डिस्क जेवत होती, पण तिचं तोंड बांधलेलं होतं.

मूळची वायर कुठे आहे, असं बाईंनी विचारलं. सून म्हणाली, हीच असणार, ड्रॉवरमध्ये हीच होती. सर म्हणाले, वायरी काय, सगळ्या सारख्याच. हे म्हणताना त्यांचा हात स्वेटरच्या खिशावर गेला. खिसा फुगलेला होता आणि त्यातून रुंद पिनेचं काळं टोक उंदराच्या नाकासारखं बाहेर आलं होतं.

बाईंनी ते टोक पाहिलं आणि आपल्या पिशवीतली वायर काढून लावली. कॉम्प्युटरने टुंग असा आवाज केला. त्या आवाजासरशी सर खुर्चीत ताठ झाले. सून आनंदाने पुढे सरकली. पण यादी उघडली तर डिस्कचं नाव नाही. एकदा, दोनदा, मागच्या बाजूच्या भोकात लावून तिसऱ्यांदा. आवाज व्हायचा, नाव यायचं नाही.

आता सरांकडे पाहावं तर त्यांच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं रक्तही उतरलेलं. हा माणूस, बाईंच्या मनात आलं, डिस्क दिसेल म्हणूनही घाबरलाय आणि दिसत नाही म्हणूनही. याला एका वेळी दोन ताप आहेत.

तेवढ्यात हॉलवाल्याचा फोन आला. खुर्च्यांचा काहीतरी घोळ होता आणि तो फोनवर निस्तरणारा नव्हता. सुनेने चपला घातल्या, तासाभरात येते म्हणाली आणि गेली. दार लागलं, जिन्यावरची पावलं विरली. बाईंनी खुर्ची वळवली आणि हात पुढे केला. सरांनी मुकाट्याने खिशातली वायर काढून दिली. अशी लपवलेली वस्तू शाळेत ते जप्त करायचे, या वेळी द्यायची पाळी त्यांची होती.

"पोरी," सर म्हणाले, "त्यात चिंतन नाहीये."

"मग काय आहे?"

सरांनी दाराकडे एकदा बघितलं. "शिव्या."

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण सर एकदा सुरू झाले ते थांबेचनात. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी शिव्या गोळा केल्या होत्या. सुरुवात वर्गात झाली. मुलांना निबंध लिहायला सांगितला की सगळे एकच निबंध लिहायचे, आणि तीच मुलं मधल्या सुट्टीत भांडताना अशी भाषा काढायची की सरांना पाठीमागे उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या. टाळ्या वाजवता येत नव्हत्या, म्हणून ते छडी मारायचे आणि नंतर शिक्षकांच्या खोलीत जाऊन शिवी वहीत उतरवून घ्यायचे. पुढे नाद लागला. बसस्टँड, नळाच्या रांगा, दवाखान्याच्या ओसऱ्या, मुताऱ्यांच्या भिंती, काही काही सोडलं नाही. एका गवंड्याच्या मागे ते तीन किलोमीटर चालत गेले होते, कारण तो आपल्या सायकलला जे बोलत होता ते कुठल्याच शब्दकोशात नव्हतं. चार हजारांवर नोंदी. शिवी, अर्थ, कोण बोललं, कुणाला, कशावरून, आणि शेवटी सरांचा शेरा. बायको असेपर्यंत बत्तीस वह्या तिच्या धाकाने माळ्यावर होत्या. ती गेल्यावर त्यांनी टाइप करायला घेतलं, आणि एकेक वही संपली की फाडून रद्दीत, कुणाच्या हाती लागायला नको म्हणून. आता जे होतं ते त्या डिस्कमध्ये.

गेल्या आठवड्यात सुनेने मजकूर काढायचं ठरवलं तेव्हा सरांची पाचावर धारण बसली. त्यांनी वायर बदलली. चार दिवस तिला दिसलं नाही की ती नाद सोडेल आणि आपण पुन्हा खरी वायर लावू, असा हिशेब. पण सोमवारी दुपारी सून कामावर असताना त्यांनी खरी वायर लावून पाहिली आणि तरीही डिस्क दिसेना. तेव्हापासून त्यांना घास गिळवत नव्हता.

"आम्ही असं काही केलं असतं," बाई म्हणाल्या, "तर तुम्ही काय केलं असतं?"

"ओणवं उभं केलं असतं," सर प्रामाणिकपणे म्हणाले.

बाई पुन्हा कॉम्प्युटरकडे वळल्या. जोडलेल्या सगळ्या डिस्क जिथे दिसतात तो पडदा त्यांनी उघडला आणि डिस्क तिथे होती, धडधाकट, आतला मजकूर शाबूत. फक्त तिला अक्षर नव्हतं. प्रत्येक डिस्कला कॉम्प्युटर एक अक्षर देतो, त्या अक्षराने तिला हाक मारतो. सुनेने गेल्याच आठवड्यात नवा प्रिंटर आणला होता. त्या प्रिंटरमधल्या मेमरी कार्डाच्या खाचेने आल्या आल्या स्वतःसाठी एक अक्षर घेतलं होतं, आणि ते नेमकं सरांच्या डिस्कचं. कॉम्प्युटरने दोघांच्या भांडणात न पडता डिस्कला दाराबाहेरच ठेवलं.

"म्हणजे इतकंच?" सर म्हणाले. "एका अक्षरावाचून अडलं होतं?"

"इतकंच. आणि तुम्ही म्हणे भाषेचे मास्तर."

हे तोंडातून गेलं आणि बाईंनी जीभ चावली, कारण चाळीस वर्षांची भीती अशी तासाभरात जात नाही. सर मात्र हसले. बाईंनी डिस्कला दुसरं, रिकामं अक्षर दिलं. यादीत नाव उमटलं: चिंतन. सरांनी डोळ्यांवरून चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

आधी नक्कल, मग बाकी सगळं, असा बाईंचा शिरस्ता. त्यांनी आपली रिकामी डिस्क काढून नक्कल चालू केली. पाऊण तास लागेल असं कॉम्प्युटर म्हणाला. मजकूर नीट उघडतोय ना हे बघायला त्यांनी एक फाइल उघडली. वर लिहिलं होतं 'झ'. त्या वाचत गेल्या. पहिल्या चार-पाच नोंदींना त्यांनी नुसतं तोंड वाकडं केलं, सहावीला फसकन हसल्या, आणि मग एका नोंदीवर त्यांची नजर खिळली.

"झाडूतोंड्या. पुल्लिंगी. ज्याच्या मिशा त्याच्या आधी वर्गात येतात असा माणूस. प्रथम ऐकले: इयत्ता सहावी, तिसरा बाक. बोलणारी: मुलगी, वय अकरा. कोणास: प्रस्तुत संग्राहकास. शेरा: स्वतंत्र निर्मिती. आधी कुठेही आढळली नाही. उत्तम."

तो दिवस बाई विसरल्या नव्हत्या. पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या कानात सांगायला गेल्या आणि नेमका त्याच क्षणी सगळा वर्ग गप्प झाला. शब्द भिंतीवर आपटून परत आला. सरांनी त्यांना आठवडाभर वर्गाच्या दाराबाहेर उभं केलं. जाणारे-येणारे हसायचे. शिपाईसुद्धा हसला होता. त्या वर्षी भाषेत पस्तीस मार्क पडले आणि सरांनी वडिलांना बोलावून सांगितलं की हिला भाषा येणार नाही.

"हे माझं आहे," बाई म्हणाल्या.

सर जागेवरून उठले, जवळ आले, वाकून वाचलं.

"इथे उत्तम लिहिलंय," बाई म्हणाल्या. आवाज वर गेला होता, त्यांनी तो खाली आणायचा प्रयत्न केला नाही. "आणि प्रगतिपुस्तकात पस्तीस."

"तिथे उत्तम लिहिता आलं नसतं."

"का नाही?"

"नोकरी होती," सर म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "भ्यालो. तू वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होतीस आणि मला ते तुझ्या वडिलांना कसं सांगावं कळलं नाही. म्हणजे काय सांगायचं, तुमची मुलगी शिव्या फार छान देते?"

बाईंना रडू यायला हवं होतं, निदान राग तरी. आलं ते हसू, आणि तेही असं की पोटात कळ आली. सरही हसायला लागले, मग खोकायला लागले. बाईंनी उठून पाणी आणलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाचं हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

म्हणूनच दोघांना किल्लीचा आवाज ऐकू आला नाही. खुर्च्यांवाल्याला दहा मिनिटांत सरळ करून सून परत आली होती आणि ती दोघांच्या मागे उभी राहून पडद्यावरचं वाचत होती. सरांनी वळून पाहिलं. बाईंनी पडदा बंद करायला हात नेला, तर सुनेने तो धरला आणि स्वतःच पुढे वाचत गेली. 'झ' संपला. तिने 'न' उघडला. खोलीत फक्त डिस्कची गुणगुण होती. सरांच्या मिशा थरथरत होत्या.

"बाबा," सून शेवटी म्हणाली, "यात 'निथळ्या' नाहीये."

सरांचं तोंड उघडंच राहिलं.

तिची आई धुलाईच्या कारखान्यात होती, तिने सांगितलं. सगळ्या बायकाच होत्या आणि एक मुकादम. काम काही करायचा नाही, नुसता दारात टांगलेला असायचा, टपटप बोलायचा, सुकायचा काही नाही. बायकांनी त्याचं नाव ठेवलं निथळ्या. पुढे तसल्या सगळ्याच पुरुषांना ते लागू झालं. "माझ्या हॉटेलातही दोन आहेत," सून म्हणाली. "लिहून घ्या."

सरांनी खुर्ची ओढली आणि लिहून घेतलं. शब्द दोनदा विचारून घेतला, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यासकट.

पुस्तकाचं काय करायचं हा प्रश्न सुनेने त्याच टेबलावर निकालात काढला. हॉल ठरलाय, पत्रिका गेल्यात, आता मागे फिरणं नाही. रागावण्याबद्दल ती एवढंच बोलली की दहा वर्षं मी दाराबाहेरून चहा ठेवत होते, दुपारी दोन तास आवाज न करता वावरत होते, ते यासाठी, हे आधी सांगितलं असतं तर मी आत बसून मदत केली असती. मग तिघांनी बसून निवड केली. फक्त शाळेतल्या मुलांनी दिलेल्या, कुणाच्या आईबहिणीला न लागणाऱ्या ऐंशी शिव्या. नाव 'चिंतनकण' हेच राहिलं, कारण मुखपृष्ठ छापून झालं होतं.

बाईंनी घरी येऊन वन्संना सांगितलं. वन्संनी कानांवर हात ठेवले, शिव शिव म्हणाल्या, हेडसरांना वेड लागलंय म्हणाल्या, आणि समारंभाला पहिल्या रांगेची जागा धरायला अर्धा तास आधी जाऊन बसल्या.

हॉल भरला होता. सरांचे विद्यार्थी आता न्यायाधीश होते, डोळ्यांचे डॉक्टर होते, ठेकेदार होते, आणि सगळे चांगल्या इस्त्रीच्या कपड्यांत चिंतन ऐकायला आले होते. सर उभे राहिले, पुस्तक उघडलं आणि प्रस्तावना वगैरे काही न करता वाचलं, "नोंद क्रमांक बारा. घंटाचोर. मधल्या सुट्टीनंतरची घंटा लवकर देणारा शिपाई. बोलणारा: मुलगा, वय बारा, सध्या न्यायाधीश. शेरा: तक्रार रास्त, शिवी कमकुवत."

सगळ्यांच्या माना न्यायाधीशांकडे वळल्या. ते सावकाश उठले. पन्नाशी उलटलेला, करड्या केसांचा गंभीर माणूस. म्हणाले, "सर, शेऱ्यावर अपील करता येईल का?"

"मुदत संपली," सर म्हणाले. "खाली बस."

मग जे हसणं सुरू झालं ते आवरेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपली नोंद आपणच वाचायचा हट्ट धरला. ठेकेदाराचं नाव पुस्तकात नव्हतं, तो रुसला, आणि मी काय कमी शिव्या द्यायचो का, असं शेजाऱ्याला विचारत राहिला. शाळा तपासणीचे एक जुने अधिकारी उठून बाहेर गेले. तो निषेध होता की लघवीला गेले, हे कळलं नाही. परत मात्र आले नाहीत. माइकची वायर सारखी सुटत होती म्हणून बाई कार्यक्रमभर ती हाताने धरून स्टेजच्या कडेला उभ्या होत्या. झाडूतोंड्याची पाळी आली तेव्हा सरांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. त्यांना पळता येईना, वायर सोडली असती तर सरांचा आवाज गेला असता. त्यांनी तोंड फिरवलं आणि वायर घट्ट धरली.

त्यानंतर दर मंगळवारी दुपारी बाई हेडसरांकडे जायला लागल्या. सरांच्या डोळ्यांना आता पडदा सोसत नव्हता, ते सांगायचे आणि बाई टाइप करायच्या. खालच्या मजल्यावरच्यांनी खटखटीची तक्रार केली, तर सरांनी तक्रारीतला एक शब्द नोंदवून घेतला. सुट्टी असेल तेव्हा सून येऊन बसायची आणि अर्थांवर वाद घालायची. वन्संनी पहिले दोन महिने नाकं मुरडली. मग एका मंगळवारी, नुसतं सोबत म्हणून, आल्या. त्यांच्या सासरच्या माणसांनी त्यांना उभ्या आयुष्यात जे जे म्हटलं होतं ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला सांगितलं. एकूण सदतीस नोंदी झाल्या. सर एकेक शब्द गंभीरपणे उतरवून घ्यायला लावत होते, शेरा देत नव्हते. शेवटी वन्संना म्हणाले, यातला एकही शब्द तुमचा नाही, म्हणणाऱ्यांचा आहे, तसंच लिहितो. वन्सं परतताना जिन्यात थांबल्या, कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. घरी आल्यावर भूक लागली म्हणाल्या.

'भ' या अक्षराला सात महिने लागले. भाषेतला अर्धा राग एकट्या 'भ'वर पोसला गेलाय, असं सर म्हणायचे. ते अक्षर पुरं व्हायच्या आत त्यांची छाती भरली आणि त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. तिथल्या वॉर्डातली नर्स तोंडावरच्या मास्कआड काहीतरी पुटपुटते हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी हेरलं. ती डॉक्टरांना काय म्हणते, हे त्यांनी तिला इतक्या आर्जवाने विचारलं की तिने वाकून त्यांच्या कानात सांगितलं. सर खूश झाले. मंगळवारी बाई भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी ती नोंद लिहून घ्यायला लावली आणि शेरा सांगितला: संक्षिप्त, अचूक. दोन दिवसांनी, सकाळी, सून उशी नीट करत असताना ते गेले.

बाई एवढ्या रडतील असं त्यांच्या नवऱ्याला वाटलं नव्हतं. त्याने त्या दिवशी मीटर वाचायला जाणं रद्द केलं आणि न बोलता त्यांच्याशेजारी बसून राहिला.

काम थांबलं नाही. मंगळवारची दुपार तशीच राहिली, फक्त आता सांगायला कुणी नाही म्हणून तिघी बायका आपसांत ठरवतात. सध्या त्या 'म'वर आहेत आणि 'मेल्या' या एका शब्दावर तीन आठवडे अडल्या आहेत. सून म्हणते ही शिवी आहे, तिची आई मुकादमाला दात-ओठ खाऊन म्हणायची. वन्सं म्हणतात काही नाही, आपण ज्याला मनापासून म्हणतो त्याच्यावरची ती माया आहे, आणि पुरावा म्हणून आपल्या भावाचं, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचं, उदाहरण देतात, त्याला त्या लहानपणापासून मेल्याच म्हणत आल्या आहेत. बाईंनी अर्थाची जागा कोरी सोडली आहे.